मुक्कामाचा डबा

"घ्या. मी बघत नाही."

एवढं बोलून काका उंबऱ्यावर डबा ठेवायचे आणि तोंड फिरवायचे. तोंड फिरवल्यावर समोर बघण्यासारखं काही नव्हतं. चाळीच्या दोन ओळींमधलं गटार, त्याच्यावरच्या फरश्या आणि पलीकडच्या दोरीवर कुणाचं तरी धुणं. पण ते इतकं मन लावून बघायचे, की एखाद्या नव्या भाडेकरूला वाटावं, हे म्हातारे पालिकेतून गटाराची पाहणी करायला आलेत. आपण डबा उचलून आत नेला, दार लावलं, कडीचा आवाज झाला, की मग काका वळायचे आणि घरी जायचे.

असा माणूस तुमच्याही आळीत असेल. नसला तर असायला हवा होता, एवढं मी सांगू शकतो.

आमची चाळ कल्याण पूर्वेला, विठ्ठलवाडी स्टेशनच्या बाजूला. बैठ्या खोल्यांच्या दोन ओळी. बरीचशी माणसं कोकणातली, थोडी सातारा-सांगलीकडची. काका डोंबिवलीच्या एका रंगाच्या कंपनीत पॅकिंगला होते. मी चाळीत राहायला आलो तेव्हा ते रिटायर व्हायच्या बेतात होते आणि डबा चाळीत चांगला रुळलेला होता. पत्र्याचा, घट्ट झाकणाचा, कंपनीतूनच आणलेला. कधीकाळी त्यात निळी पूड भरलेली असायची. काकींनी तो चिंचेने घासला, राखेने घासला, सोड्याच्या पाण्यात उकळला, तरी कडेला बसलेला निळा रंग काही जाईना. डब्यात हात घातला की बोटं निळी. पैसे टाकणाऱ्याचीही निळी आणि काढणाऱ्याचीही निळी, त्यामुळे बोटं बघून कुणाला काही कळायचं नाही. "कंपनीने जन्मात एवढं एक चांगलं काम केलं," काका म्हणायचे.

डब्याची रीत साधी होती. तो रोज एका घरी मुक्कामाला असायचा. संध्याकाळी काका तो एका दारातून उचलायचे आणि पुढच्या दारात नेऊन ठेवायचे. असं करत महिन्याभरात चाळ पुरी व्हायची. डबा घरात आला की दार लावून ज्याला टाकायचं त्याने टाकावं. घरात आजारपण असेल त्याने त्यातून काढावं. किती टाकले, किती काढले, कशासाठी काढले, हे कुणी कुणाला विचारायचं नाही. काढलेले परत करायचे की नाही हे ज्याचं त्याने ठरवायचं.

मी कल्याणातल्या एका पतपेढीत कारकून. पैसा म्हटला की मला आधी पावती आठवते. पहिल्यांदा डबा माझ्या घरी आला तेव्हा मी काकांना गाठलंच.

"काका, निदान महिन्याच्या शेवटी एकदा मोजत तरी जा."

"कशाला?"

"कुणी लबाडी केली तर?"

"आजारी पडायची लबाडी कोण करतो रे, पतपेढी?"

तेव्हापासून माझं नावच पतपेढी पडलं. भर बाजारात, रिक्षा स्टँडवर, लग्नाच्या पंगतीत, सगळीकडे "काय पतपेढी!" माझी बायकोसुद्धा रागावली की मला त्याच नावाने हाक मारते.

हा डबा सुरू कसा झाला ते मला काकींनी सांगितलं. बऱ्याच वर्षांपूर्वी त्यांच्या शेजारी एक गृहस्थ राहायचा. त्याच्या पोटात दुखायला लागलं. हातात पैसे नव्हते, म्हणून त्याने ओवा खाल्ला, हिंगाचा लेप लावला आणि दुखणं अंगावर काढलं. इस्पितळात नेलं तेव्हा आतड्याला भोक पडलेलं होतं. तो गेला. काका त्याच्या मयतीला जाऊन आले आणि आठवडाभर नीट जेवले नाहीत. काकींना म्हणत राहिले, "अगं, आपल्याकडे होते पैसे. भिंतीपलीकडे होतो आपण. मागितले असते तर दिले नसते का?" आणि मग एकदा जेवता जेवता म्हणाले, "मागायलाच लागलं नसतं तर जगला असता तो." दुसऱ्या दिवशी कंपनीतून येताना डबा घेऊन आले.

"मी बघत नाही" हे त्यांच्या तोंडात इतकं बसलेलं होतं की ते डब्यापुरतं राहिलं नाही. काकींना साखरेचा आजार, रोज सुई टोचून घ्यावी लागते. गणपतीत मोदकांचं ताट समोर आलं की त्या काकांकडे बघायच्या. काका भिंतीवरच्या कॅलेंडरकडे तोंड करायचे. "एकच हं. मी बघत नाही." काकी दोन खायच्या. एकदा आमचं नवरा-बायकोचं जोरात भांडण चाललेलं आणि नेमके काका डबा घेऊन दारात. त्यांनी डबा ठेवला, तोंड फिरवलं आणि सवयीने सुरुवात केली, "घ्या. मी..." आणि मग त्यांच्या लक्षात आलं, की इथे न बघून भागणार नाही. "मी ऐकतही नाही," ते म्हणाले. बायको फसकन हसली आणि भांडण तिथेच संपलं.

एक पावसाळा असा गेला की डबा माझ्याकडे आला तो रिकामा. पुढच्या फेरीलाही रिकामा. चाळीत कुजबुज सुरू झाली. नळावर बायकांनी नावंही घ्यायला सुरुवात केली. मी काकांना म्हटलं, "बघा, मी सांगितलेलं." ते माझ्यावर असे भडकले की शिरा ताणलेल्या दिसल्या. "रिकामा झालाय म्हणजे कुणाच्या तरी घरात काहीतरी मोठं चाललंय, एवढं कळत नाही तुला? त्याची काळजी कर ना!" दिवाळीनंतर डबा आला तो जड. कुणी नेलेले, कुणी आणले, आजपर्यंत कळलेलं नाही.

मग सरकारने ती आरोग्याची योजना मोठी केली. आधी ती पिवळ्या आणि केशरी रेशनकार्डवाल्यांपुरती होती. काकांचं कार्ड पांढरं. कंपनीत असताना कधीतरी पगारामुळे ते पांढरं झालं आणि मग पांढरंच राहिलं. "ना साखर, ना रॉकेल, नुसतं भिंतीला लावायला," असं ते म्हणायचे. आता पांढऱ्या कार्डवाल्यांनासुद्धा इस्पितळातला उपचार फुकट, असं जाहीर झालं. आमच्यातल्या बहुतेकांनी ते ऐकलं आणि सोडून दिलं. अशा घोषणा आपण पुष्कळ ऐकलेल्या असतात.

काकांनी मात्र ते मनावर घेतलं. वॉर्डात शिबिर लागलं तेव्हा ते सकाळीच जाऊन रांगेत उभे राहिले आणि घरोघरी निरोप पाठवला, आधार घेऊन या, रेशनकार्ड घेऊन या, मी नंबर धरलाय. ज्यांचे अंगठे मशीनवर उमटत नव्हते अशा म्हाताऱ्या बायकांच्या बोटांना खोबरेल तेल चोळत बसले. तेल लावलं की ठसा उमटतो, हा त्यांचा स्वतःचा शोध. मशीनवाला पोरगा वैतागला होता, पण सगळ्या चाळीची योजनेची कार्डं झाली.

आणि मग मागच्या ओळीतल्या पेंटरच्या बायकोची वेळ आली. तिच्या हृदयाची झडप निकामी झालेली. आधी कुणीतरी सांगितलेला खर्च ऐकून पेंटर गावची जागा विकायला निघाला होता. काका त्याला घेऊन ठाण्याच्या एका मोठ्या इस्पितळात गेले, कार्ड दाखवलं, खेटे घातले, आणि तिचं ऑपरेशन झालं. घरी सोडायच्या दिवशी मीही गेलेलो. काका काउंटरवर गेले आणि विचारलं, "भरायचं किती?" मुलगी म्हणाली, "काही नाही, काका." त्यांनी पुन्हा विचारलं. तिने पुन्हा तेच सांगितलं. काका बाजूच्या बाकड्यावर येऊन बसले आणि त्यांनी चष्मा काढून पुसला. बराच वेळ पुसत होते. "पतपेढी," ते म्हणाले, "हे असं सगळ्यांना मिळालं, तर मग राहिलं काय रे?"

खरंच सांगतो, तो आनंद खोटा नव्हता. पेंटरची बायको आज आमच्या डोळ्यांसमोर पाण्याचे हंडे उचलते. ही योजना नसती तर ती नसती. पुढे जे सांगणार आहे ते वाचताना हे विसरू नका. मीही विसरत नाही.

त्यानंतर डब्यात पैसे पडायचे कमी झाले. त्यात कुणाचं काही चुकलं असं नाही. कार्ड आहे म्हटल्यावर लोकांना गरज वाटेना. एका रविवारी काकांनी सगळ्यांना नळापाशी बोलावलं आणि जाहीर केलं, की डबा आता बंद. त्यांचा चेहरा मुलीचं लग्न ठरवून आलेल्या बापासारखा फुलला होता. "आपण का सुरू केलेला? मागायची लाज वाटू नये म्हणून. आता मागायचंच नाही. आता हक्काचं आहे." सगळ्यांनी हात वर केले.

"मग काय, डब्याचं तेरावं घालायचं का?" मी म्हटलं.

"अभद्र बोलू नको. सत्यनारायण घालू."

आणि खरंच घातला. डब्यात उरलेल्या पैशांतून केळीचे खुंट आले, शिऱ्याचा रवा आला, पुरी-भाजी झाली. काका आणि काकी जोडीने पूजेला बसले. भटजींनी संकल्पाच्या वेळी विचारलं, "पूजा कशाप्रीत्यर्थ?" काका म्हणाले, "चाळीचं आजारपण मिटलं, त्याप्रीत्यर्थ." भटजी क्षणभर थांबले आणि मग त्यांनी ते संस्कृतात कसंबसं बसवलं. काकींना त्या दिवशी दोन वाट्या शिरा खाताना मी पाहिलं. काका कॅलेंडरकडे बघत होते.

पुढच्या वर्षी काकांच्या छातीत दुखायला लागलं. नळावर पाणी भरत होते, तिथेच खाली बसले. पेंटरने आणि मी त्यांना रिक्षात घातलं. याही वेळी कार्ड उपयोगी पडलं. हृदयाच्या एका नळीत अडथळा होता, तिथे डॉक्टरांनी स्प्रिंग बसवली. पैसे लागले नाहीत. चौथ्या-पाचव्या दिवशी काका स्वतःच्या पायांनी चालत चाळीत आले. "स्प्रिंग बसवलीय रे, आता उड्या मारणार मी," असं प्रत्येक दारात सांगत आले.

घरी सोडताना डॉक्टर काय म्हणाले ते माझ्यासमोरच म्हणाले. रक्त पातळ ठेवणारी एक गोळी होती. तिच्यावर त्यांनी पेनाने गोल केला. "काका, बाकी काही इकडेतिकडे झालं तर बघून घेऊ. ही एक दिवसही चुकवायची नाही. निदान वर्षभर. चुकली तर स्प्रिंगमध्ये रक्त गोठेल, आणि मग आमच्या हातात काही राहणार नाही." काकांनी मान हलवली. इस्पितळाने सोबत काही दिवसांची औषधं दिली होती. ती संपेपर्यंत सगळं ठीक होतं.

ती संपल्यावर काका पुन्हा इस्पितळात गेले. योजनेच्या टेबलावरच्या पोराने त्यांना नीट समजावून सांगितलं. पोरगा भला होता, त्याने वेळ दिला. तो म्हणाला, ॲडमिट असाल तोवर आणि सुटल्यानंतर थोडे दिवस सगळं योजनेत आहे. त्यानंतर घरी ज्या गोळ्या घ्यायच्या, ज्या तपासण्या बाहेर करायच्या, त्या तुमच्या तुम्ही. काका घरी आले आणि मला म्हणाले, "गंमत बघ पतपेढी, आजारी असलं की फुकट आणि बरं वाटायला लागलं की पैसे." आणि हसले. मीही हसलो. तेव्हा ते हसण्यासारखंच वाटलं होतं.

काकांची पेन्शन म्हणजे नावाला. त्यात काकींच्या सुया. त्यांची एकुलती एक मुलगी दिवा स्टेशनच्या बाजूला राहते. तिथे पिण्याचं पाणीसुद्धा विकत घ्यावं लागतं आणि नवऱ्याची नोकरी आज आहे, उद्या नाही. तिला काका काही सांगायचे नाहीत. पालिकेच्या दवाखान्यात दोन गोळ्या मिळायच्या. डॉक्टरांनी गोल केलेली मात्र तिथे नसायची. "येईल, पुढच्या आठवड्यात चौकशी करा," असं सांगायचे. ती बाहेरून घ्यायची. महिन्याच्या महिन्याला.

आपल्यातलं कुणी इस्पितळात गेलं की आपण सगळे धावतो. पण इस्पितळातून घरी आलेला माणूस बरा झाला असं आपण धरून चालतो. आम्हीही तसंच धरलं.

एकदा मी औषधाच्या दुकानात खोकल्याचं औषध घ्यायला गेलो, तर पुढे काका उभे. दुकानदार कात्रीने गोळ्यांचं पाकीट कापत होता. अर्ध्याहून कमी तुकडा त्याने काकांना दिला. मला बघून काकांनी तो पटकन खिशात घातला.

"एवढ्याच?" मी विचारलं.

"घरी आहेत रे. थोड्या कमी पडत होत्या म्हणून."

"काका, खरं सांगा."

"खरंच सांगतोय. चल, उशीर होतोय, ही वाट बघत असेल." आणि दुसऱ्या हातातली काकींच्या सुयांची पिशवी सांभाळत ते निघाले. त्या मात्र पूर्ण महिन्याच्या होत्या.

मी बायकोला सांगितलं. दुसऱ्या दिवशी ती गोळ्यांची दोन पाकिटं घेऊन काकींकडे गेली आणि हळूच म्हणाली, काकांच्या गोळ्यांत मिसळून टाका, बोलू नका. काकींनी घेतली. आम्हाला वाटलं, झालं. पण काकांना घरातली गोळीन् गोळी माहीत असायची. त्यांनी ती पाकिटं उचलली, दुकानात नेली आणि दुकानदाराच्या हातापाया पडून बदलून आणली. त्याबदली काकींच्या सुया आणल्या. हे आम्हाला पुष्कळ उशिरा कळलं.

दरम्यान, काकांना गोळ्या परवडत नाहीत याचा पेंटरलाही सुगावा लागला होता. त्यानेच विषय काढला. "काका मागणार नाहीत. आपण डबा चालू करू." सगळ्यांना पटलं. डबा काकींकडेच होता, त्यात त्यांनी रिकाम्या पिशव्या भरून ठेवल्या होत्या. माझ्या बायकोने काहीतरी कारण सांगून तो आणला. या खेपेला रोज एक घर नाही, एका संध्याकाळीच आम्ही तो सगळ्या चाळीतून फिरवला आणि ज्याने त्याने टाकले. सगळ्यांनी नोटा टाकल्या. चिल्लर टाकायची नाही, असं पेंटरने बजावलं होतं, वाजून उगाच गाजावाजा नको म्हणून. शेवटी डबा काकांच्या दारात. तो ठेवायला पेंटर गेला. त्याची फार तारांबळ उडाली. "काका, डबा... परत सुरू केलाय आम्ही... घ्या. मी बघत नाही." आणि एवढा मोठा गडी गटाराकडे तोंड करून उभा राहिला. मी माझ्या खिडकीतून बघत होतो. काका दारात थांबले. त्यांनी डब्याकडे बघितलं, पेंटरच्या पाठीकडे बघितलं. मग डबा उचलून आत नेला आणि कडी लावली. माझा जीव भांड्यात पडला.

सकाळी काका स्वतःच डबा घेऊन माझ्याकडे आले. त्यांची बोटं निळी होती.

"चांगलं केलंत रे, परत सुरू केलंत ते. कुणाला तरी लागत असेल."

ते गेल्यावर मी जन्मात पहिल्यांदा डब्याचं झाकण दुसऱ्यासमोर उघडलं. पेंटर शेजारी होता. नोटा सगळ्या जशाच्या तशा होत्या. आणि त्यांच्यावर चिल्लर होती. दोन-दोनची, पाच-पाचची नाणी. पेंटरने एक नाणं उचललं आणि पुन्हा ठेवलं.

मी त्याच संध्याकाळी काकांकडे गेलो आणि सरळ भांडलो. म्हटलं, हे पैसे तुमच्यासाठी आहेत, सगळ्या चाळीला माहीत आहे, घ्या गपचूप. काका रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

"सगळ्या चाळीला माहीत आहे ना?" ते म्हणाले. "मग तो डबा राहिला कुठे रे?"

जो कुणासाठी आहे हे सगळ्यांना ठाऊक, तो डबा त्यांच्या लेखी मदतीचा नव्हता, पुढे केलेली भिकेची ताटली होती. आणि ती आम्ही ज्याच्यापुढे धरली, त्याने आयुष्यभर दुसऱ्या कुणावर तशी वेळ येऊ दिली नव्हती. "मी घेतो रे गोळ्या," ते मला दारापर्यंत सोडायला आले तेव्हा म्हणाले. "तू काळजी करू नको." मी त्यांच्याकडून शब्द घेतला. त्यांनी दिला.

महिना झाला असेल. काका भाजी घेऊन आले, पिशवी ओट्यावर ठेवली, काकींना म्हणाले, पाणी दे गं. त्या पाणी घेऊन वळल्या तोवर ते खाली पडलेले होते. आम्ही पुन्हा रिक्षा केली, पुन्हा कार्ड घेतलं. इस्पितळात पुन्हा कुणी पैसे मागितले नाहीत. डॉक्टर तेच होते. त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "गोळी बंद केली होती का?" मी म्हटलं, मला माहीत नाही. तासाभरात सगळं संपलं.

दिवसकार्य झाल्यावर काकींनी सांगितलं. काका ती गोळी एक दिवसाआड घ्यायचे. नंतर दोन दिवसांआड. काकी रडल्या, ओरडल्या, एकदा तर त्यांनी स्वतःची सुई टोचून घ्यायला नकार दिला. तेव्हा काका त्यांच्याजवळ बसून म्हणाले, "अगं, दोघांचं मिळून एकच अंग आहे आपलं. कुठल्या तरी बाजूला औषध पोचतंय ना?" आणि त्यांनीच सुई भरून दिली. काकी हे सांगत होत्या तेव्हा माझी बायको स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली. मला फार राग आला. कुणावर ते कळेना, कारण राग काढावा असं समोर कुणीच नव्हतं. योजनेने दिलेला शब्द पाळला होता. डॉक्टरांनी सांगायचं ते सांगितलं होतं. चाळीने द्यायचं ते दिलं होतं. आणि तरी भिंतीपलीकडे माणूस लाजेने गेला. पुन्हा एकदा.

आता काकींच्या सुया पेंटरची बायको आणते. परस्पर. पैशांचं कुणी बोलत नाही. काकीही घेतात, नाही म्हणत नाहीत. त्या मला म्हणाल्या, "मी नाही म्हटलं तर तुम्हा सगळ्यांना पुन्हा तेच." त्या काकांपेक्षा शहाण्या आहेत, हे मला आधीपासून वाटायचं.

परवाची गोष्ट. मी त्यांच्याकडे बसलो होतो, दुपारची वेळ, काकी तांदूळ निवडत होत्या. काकांचा मोबाइल अजून चालू आहे, त्यावर फोन आला. काकींनी मला खूण केली आणि मी तो स्पीकरवर लावून त्यांच्या पुढ्यात धरला. योजनेकडून कुणी मुलगी बोलत होती. आवाज गोड होता, घाईतला होता. तिने काकांचं नाव घेतलं आणि म्हणाली, त्यांच्या ऑपरेशनबद्दल थोडी माहिती हवी होती, दोन मिनिटं बोलता येईल का?

"मी त्यांची बायको. बोला," काकी म्हणाल्या.

"रुग्णालयाने उपचारासाठी तुमच्याकडून पैसे घेतले का?"

"नाही."

"औषधं रुग्णालयातूनच मिळाली का?"

"हो. तिथे होते तोवर सगळी मिळाली."

"कर्मचारी नीट वागले का?"

"फार चांगले वागले. एक मुलगा होता टेबलावर, त्याने सगळं समजावून सांगितलं."

"योजनेबद्दल तुम्ही समाधानी आहात का?"

काकींचा हात तांदळात थांबला. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं.

"हो. ते फार समाधानी होते. सगळ्यांना सांगायचे, चांगली योजना आहे म्हणून."

"धन्यवाद, काकू."

"अजून काही विचारायचं आहे का, बाळ?"

"नाही, एवढेच प्रश्न होते."

फोन बंद झाला. काकींनी सुपातला एक खडा वेचून बाजूला ठेवला.

"बरोबर सांगितलं ना रे मी?"

"बरोबर सांगितलंत, काकी," मी म्हटलं.